मुलाचं नाव 'आशा' ठेवतात का? (फिनलंड-एस्टोनियाचा तोइवो)

सायली_एस्पो

नोव्हेंबरच्या शेवटी आमच्याकडे दुपारी साडेतीनलाच दिवेलागण होते. त्या अंधारात मी आणि आई लेकीला पाळणाघरातून आणायला गेलो होतो. (आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आली आहे. तिचं नाव आशा. पुढे लागेल म्हणून सांगून ठेवते.)

इथल्या पाळणाघरात दाराशीच खुंट्यांची रांग असते. प्रत्येक खुंटीवर मुलाचं नाव आणि एक चित्र. खाली चिखलाने माखलेले बूट, वर तो अख्ख्या अंगाचा रबरी पोशाख. त्याला इथे 'कुराहालारी' म्हणतात. पावसाचिखलात लोळायला पोरांना तोच घालून सोडतात. लेकीच्या शेजारच्या खुंटीवर बेडकाचं चित्र आणि त्याच्याखाली नाव, तोइवो. ते साडेचार वर्षांचं ध्यान एक पाय हालारीत आणि एक बाहेर असं लंगडत उभं होतं. आईने सवयीने मराठीतच विचारलं, "नाव काय रे बाळा तुझं?"

त्याच्या वतीने आमची बोलली, "आजी, तो पण आशाच आहे."

"म्हणजे?"

"तोइवो म्हणजे आशा. तुम्ही दोघी आशा."

घरी येईपर्यंत आईचं एकच चालू होतं. बाप्या माणसाचं नाव आशा कसं ठेवतात? मला धड उत्तर देता येईना. चार वर्षं इथे राहून मीही या नावाचा कधी विचार केला नव्हता. मग थोडं वाचलं, शेजारच्या आजोबांना गाठलं. तेवढं इथे टाकते, बाकीची भर तुम्ही घाला.

'तोइवो' हा फिनिश भाषेतला रोजचा शब्द. आशा, इच्छा. एस्टोनियातही हे पुरुषाचं नाव म्हणून चालतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिनलंडमध्ये ते घरोघरी होतं, मग मागे पडलं. आता पणजोबांची नावं पोरांना ठेवायची लाट आली आहे, तिच्यात ते परत आलंय. त्यामुळे मला दोनच प्रकारचे तोइवो माहीत आहेत, एक तर कबरीच्या दगडावरचे, नाहीतर कुराहालारीतले. मधल्या वयाचा एकही भेटलेला नाही.

एक फजितीही सांगून टाकते. पहिल्या नाताळात दारातून एक कार्ड आलं, 'ह्यूवॅ योउलुआ तोइवोत्ता' आणि पुढे एक आडनाव. मला वाटलं, कोणी तोइवोत्ता नावाच्या बाईंनी पाठवलंय. दोन दिवस इमारतीत त्यांना शोधत होते. 'तोइवोत्ता' म्हणजे 'शुभेच्छा देतात'. त्याच धातूपासूनचं क्रियापद!

तर प्रश्न आईचा आहे. मुलाचं नाव आशा कसं?

खवचट_खविस

तोइवोत्ताबाई सापडल्या की कळवा. आमच्याही कार्डावर त्याच असतात, गेली सहा वर्षं.

अनुस्वार

सुंदर धागा. फक्त लिहिताना 'टोइवो' हवं ना? बातम्यांमध्ये तसंच वाचल्याचं आठवतं.

व्याकरणवेडा

@अनुस्वार, नाही. 'ट' हा इंग्रजीच्या वाटेने आलेला आहे. इंग्रजी 'टी' आपल्याला मूर्धन्य ऐकू येतो म्हणून आपण ट लिहितो. फिनिश त दातांना जीभ लावून, हकार न सोडता म्हणतात. म्हणजे तंतोतंत आपला त. 'व'ही आपलाच, वरचे दात खालच्या ओठाला जेमतेम लागतील न लागतील असा. इंग्रजांना हा व जमत नाही, आपल्याला फुकटात मिळालाय. जोर नेहमी पहिल्या अक्षरावर. तो-इवो. झालं.

आणि ज्या स्वराला रोमन लिपीत डोक्यावर दोन टिंबं द्यावी लागतात, त्याला आपल्याकडे अर्धचंद्र तयार आहे. 'तो' आणि 'ती' या दोहोंसाठी फिनिशमध्ये एकच सर्वनाम आहे, 'हॅन'. मराठीत हे बिनचूक लिहिता येतं, हिंदीवाल्यांना विचारा.

याच सर्वनामात सायलीताईंच्या आईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. फिनिशमध्ये आणि एस्टोनियनमध्ये व्याकरणिक लिंग हा प्रकारच नाही. टेबल तो नाही, खुर्ची ती नाही, आशाही ती नाही. आपल्याला 'आशा' बाई वाटते, कारण तो शब्द आकारान्त स्त्रीलिंगी आहे. ती मावळते, पालवते, फोल ठरते. तिकडे शब्द लिंगाच्या बाबतीत कोरा असतो. तो मुलाला द्यायचा की मुलीला हे रूढीने ठरलं. 'लेम्पी' (प्रेम) आणि 'राउहा' (शांती) बायकांकडे गेले. 'ओन्नी' (सुख, नशीब), 'आर्मास' (लाडका), 'सुलो' (गोडवा), 'आर्वो' (मोल) पुरुषांकडे. तर्क शोधायला जाऊ नका, सापडणार नाही.

सायली_एस्पो

अरे वा, सुलो! आमच्या शेजारच्या आजोबांचं नाव सुलोच आहे. एवढा आडदांड माणूस आणि नाव गोडवा?

कुसुमताई

आपल्याकडे तरी कुठे वेगळं आहे गं? दौलत ती, हिंमत ती, संपत्ती ती. तरी दौलतराव, हिंमतराव, संपतराव झालेच की. मागे राव लावला की स्त्रीलिंगी शब्दाला मिशा फुटतात. आशेला कोणी राव लावला नाही इतकंच.

खवचट_खविस

आशाराव. वाईट नाही. ग्रामपंचायतीला निवडून येईल.

अनुस्वार

@कुसुमताई, दंडवत. यात 'उमेद' जोडतो. मराठीत उमेदही ती. पण शब्द मूळचा फारसी, आणि इराणात 'ओमीद' हे सरळ पुरुषाचं नाव आहे. राजस्थानात उमेदसिंग असतात. म्हणजे तोइवोला भाऊबंद आहेत, आपण मराठीवालेच मागे राहिलो.

(त बद्दल शब्द मागे घेतो.)

व्याकरणवेडा

उरलेलं अर्धं उत्तर लिहायचं होतं, पण त्याआधी एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही.

फिनिशमध्ये पंधरा विभक्त्या आहेत. ऐकायला भयंकर वाटतं. पण मराठी माणसाने घाबरायचं कारण नाही, आपणही नावाच्या शेपटीला ला, ने, हून, त, चा लावतोच. तोइवोची रूपं बघा. 'तोइवोन' म्हणजे तोइवोचा, 'तोइवोल्ले' तोइवोला, 'तोइवोल्ता' तोइवोकडून, 'तोइवोस्सा' तोइवोत, 'तोइवोत्ता' (शेवटचा आ आखूड) तोइवोवाचून. सायलीताईंच्या कार्डावरचा आ लांब होता, म्हणून तिथे अर्थ शुभेच्छा झाला. आ आखूड पडला असता तर 'तोइवोविना नाताळ' असं काहीतरी झालं असतं.

आता 'तोइवोन' बघा. तोइवोचा, हा एक अर्थ झाला. 'मी आशा करतो' हाही 'तोइवोन'च.

आणि 'तोइवोस्सा'. फिनलंडमध्ये एक म्हण कम विनोद सर्रास चालतो: "तोइवोस्सा ओन ह्यूवॅ एलॅअ, सानोई लापामातो." शब्दशः अर्थ, 'आशेत जगणं बरं असतं, असं पट्टकृमी म्हणाला.' पट्टकृमी म्हणजे पोटातला तो लांबलचक चपटा जंत. आता 'आशेत'च्या जागी 'तोइवो नावाच्या माणसाच्या आत' असं वाचा.

सायली_एस्पो

हाहाहा! सुलो आजोबांना विचारलं. ते म्हणाले, हे शाळेत प्रत्येक तोइवोला ऐकावं लागायचं, ठराविक दर आठवड्याला. जंताचा विनोद उगीच नाही म्हणे. तळ्यातला मासा आणि त्याची गाबोळी कच्ची किंवा अर्धीकच्ची खायची पद्धत होती, त्यातून हा जंत पूर्वी इथे घरोघरी असायचा.

मोडक्या_छत्रीचा_मालक

जेवताना धागा उघडला. चूक माझीच.

व्याकरणवेडा

अजून एक आणि मग थांबतो. 'मिक्को'चा षष्ठीत 'मिकोन' होतो, 'पेक्का'चा 'पेकान'. जोडाक्षरातला एक क गळतो. प्रत्यय लागायच्या आधी शब्दाने अंग चोरायचं, हे आपल्याला नवं नाही. घोडा-घोड्याला, पाऊस-पावसाला. आपण त्याला सामान्यरूप म्हणतो. नियम वेगळे, खोड तीच. तोइवो मात्र कुठेच वाकत नाही, प्रत्यय लावा आणि चालू लागा. परक्या माणसाला पहिलं नाव शिकायचं असेल तर हेच शिकावं.

दफ्तरी

राहिलेलं अर्धं उत्तर मी देतो, कारण ते व्याकरणात नाही, चर्चच्या दफ्तरात आहे.

फिनलंड आधी कित्येक शतकं स्वीडनचा भाग होता, १८०९ पासून १९१७ पर्यंत रशियन झारचा. पण कारभाराची आणि शिकलेल्यांची भाषा स्वीडिशच राहिली. मूल जन्मलं की पाद्री नोंदवहीत 'योहान' लिहायचा, घरी त्याला 'यूहो' किंवा 'युस्सी' म्हणायचे. वहीत 'हेन्रिक', अंगणात 'हेइक्की'. वहीत 'मात्स', शेतावर 'मात्ती'. म्हणजे माणसाचं कागदावरचं नाव आणि तोंडातलं नाव वेगळं. आपल्या बोलीतलं नाव कागदावर चढायच्या लायकीचं नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

एकोणिसाव्या शतकात हे बदलायला लागलं. १८३५ मध्ये 'कालेवाला' हे लोकगीतांतून जुळवलेलं महाकाव्य आलं. १८६३ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याने फिनिशला स्वीडिशच्या बरोबरीला आणण्याचा हुकूम काढला. मग फिनिश-अभिमानी घराण्यांनी पोरांना फिनिश शब्दांचीच नावं द्यायला सुरुवात केली. काही 'कालेवाला'तून उचलली, जसं वॅइनॉ, इल्मारी, आइनो, तापिओ. काही सरळ शब्दकोशातून. तोइवो, उर्हो (शूर), तार्मो (जोम), ओइवा (उमदा). 'तोइवो', 'लेम्पी' हे शब्द ख्रिस्तीपूर्व काळच्या फिन्निक (फिनिश-एस्टोनियन कुळातल्या) नावांतही घटक म्हणून येत होते, त्यामुळे जुन्याला उजाळा आणि नव्याची हौस अशी दोन्ही कामं झाली.

१२ मे १९०६ ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी. फिनिश चळवळीचे धुरीण स्नेलमान यांची ती जन्मशताब्दी. त्या वर्षात आणि पुढच्यात मिळून सुमारे एक लाख लोकांनी आपली स्वीडिश आडनावं टाकून फिनिश घेतली. चित्रकार गालेनने त्याच सुमारास आपलं नाव गालेन-काल्लेला केलं. १९०८ मध्ये पंचांगातल्या नामदिनांच्या यादीत फिनिश नावं मोठ्या संख्येने आली. (तिकडे वर्षाच्या जवळपास प्रत्येक तारखेला कोणत्या तरी नावाचा दिवस असतो. त्या दिवशी कॉफी आणि वेलची घातलेला गोड पाव.)

पंचांगात नाव छापलं गेलं की ते पक्कं झालं. तेव्हा पोराचं नाव तोइवो ठेवणं म्हणजे नुसतं 'आशा' ठेवणं नव्हतं. ते आमच्या भाषेतलं आहे आणि पाद्रीबुवा, ते तसंच लिहा, असं ते सांगणं होतं.

कुसुमताई

दफ्तरी, छान लिहिलंत. आमच्या शाळेतही हजेरीपटावर एक नाव आणि घरात दुसरंच असायचं, पण ते लाडाने. इथे चीड आहे.

तार्तूकर

एस्टोनियाचा कोणीच बोलत नाहीये म्हणून येतो. तार्तूला सात वर्षं झाली.

सायलीताईंच्या उलट, मला भेटलेले सगळे तोइवो मधल्या वयाचे किंवा निवृत्त. आमच्या इमारतीचा नळकामवाला तोइवो साठीचा आहे. इथे बाळाचं नाव तोइवो ठेवलेलं मी अजून पाहिलं नाही.

आणि त्याला विचारलं, तुझ्या नावाचा अर्थ काय? तर म्हणाला, "आशा. पण फिनिशमध्ये." एस्टोनियनमध्ये आशेला रोजच्या बोलण्यात 'लोओतुस' म्हणतात. म्हणजे तेच नाव खाडीपलीकडे बोलतं आणि इकडे गप्प असतं. दोन्ही भाषा सख्ख्या बहिणी, पण बहिणींमध्ये असतात तशा गैरसमजांना तोटा नाही. 'हाल्लितुस' फिनिशमध्ये सरकार, एस्टोनियनमध्ये बुरशी.

खवचट_खविस

यात गैरसमज नेमका कोणता?

तार्तूकर

:) पुढे.

इथेही तीच कथा, फक्त स्वीडिश पाद्र्यांच्या जागी जर्मन. घरातला यान वहीत योहान व्हायचा. शेतकऱ्यांना तर आडनावंच मुळी एकोणिसाव्या शतकात, गुलामी उठल्यावर मिळाली, आणि त्यातली बरीच जर्मन धाटणीची. १९१८ मध्ये स्वातंत्र्य आलं. १९३०च्या दशकात आडनावं एस्टोनियन करून घ्यायची मोठी मोहीम निघाली. पोरांची नावंही तशीच निवडली जायला लागली, कालेव, लेम्बित, एन्देल, उर्मास.

यातला लेम्बित मला तोइवोपेक्षा जास्त आवडतो. व्याकरणवेडा म्हणाले ना, 'लेम्पी' म्हणजे प्रेम आणि ते बाईचं नाव? तोच शब्द एस्टोनियात 'लेम्बितु' होऊन एका सरदाराचं नाव होता. जर्मन क्रूसेडर सरदारांशी लढताना तो २१ सप्टेंबर १२१७ ला पडला. त्याच्या नावाची पाणबुडी १९३६ मध्ये इंग्लंडात बांधून घेतली. ती आज तालिनच्या जुन्या सीप्लेन बंदरातल्या संग्रहालयात ठेवली आहे. आत शिरून टॉर्पेडोच्या नळ्यांशेजारून वाकून चालता येतं. एका काठावर प्रेम म्हणजे आजीबाई, दुसऱ्यावर पाणबुडी. कुसुमताईंच्या मिशांचा मुद्दा इथेही लागू!

गोळेश्वरकर

धागा इतका लांबला आणि १९५२ चं हेलसिंकी कोणालाच आठवलं नाही? कराडकरांनो, झोपलात काय?

खाशाबा जाधवांनी स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक कुठे मिळवून दिलं? हेलसिंकीत. ब्राँझ. त्याच ऑलिंपिकमध्ये घरच्या मैदानावर भालाफेकीत ब्राँझ घेणारा फिनिश गडी कोण? तोइवो ह्यूत्यॅइनेन. भाला गेला ७१.८९ मीटर.

आता त्या स्टेडियमचा मनोरा बघा. उंची ७२.७१ मीटर. हा आकडा उगीच नाही, १९३२ साली लॉस एंजेलिसला मात्ती यॅर्विनेनने भाल्याचं सुवर्ण जिंकलं त्या फेकीची ती लांबी आहे. बिचारा तोइवो घरच्याच मनोऱ्याला ८२ सेंटीमीटरने कमी पडला.

आमचे खाशाबा गावोगाव वर्गणी गोळा करून तिकडे पोचले, परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मी हेलसिंकीला गेलो होतो तेव्हा त्या स्टेडियममध्ये उभं राहून आधी गोळेश्वरच्या दिशेने नमस्कार केला. दिशा चुकली असेल, भावना घ्या.

दफ्तरी

भावना घेतली. पण कुस्ती स्टेडियममध्ये झाली नव्हती. ती जवळच्याच मेस्सुहाल्लीत, म्हणजे प्रदर्शन भवनात झाली. आज ते तॉलॉचं क्रीडा भवन आहे.

गोळेश्वरकर

म्हणजे चुकीच्या इमारतीतून चुकीच्या दिशेला नमस्कार. परत जावं लागणार.

याच यादीत १९२८ चं ॲमस्टरडॅमही घ्या, ध्यानचंदांचं पहिलं सुवर्ण. तिथे ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पहिला आला तोइवो लोउकोला. दुसरा आला खुद्द पावो नुर्मी, फिनलंडचा सर्वांत गाजलेला धावपटू! तिसराही फिनच.

बर्फाळ_मिशिगन

मी मिशिगनच्या वरच्या द्वीपकल्पात राहते. तांब्याच्या खाणींत काम करायला फिनिश लोक इथे झुंडीने आले. हॅनकॉक गावात त्यांनी १८९६ मध्ये स्वतःचं कॉलेज काढलं, ते २०२३ मध्ये बंद पडलं. जवळच तोइवोला नावाची वस्ती आहे. 'ला' म्हणजे स्थान. आशेचं ठिकाण, आपल्याकडे आशापूर म्हणू तसं.

पण इथे तोइवो म्हटलं की लोक आधी हसायला लागतात. कारण 'तोइवो आणि एइनो' ही इथल्या विनोदांची ठरलेली जोडी आहे. एक सांगते. दोघे भाड्याची होडी घेऊन तळ्यात जातात. मासे चिक्कार लागतात. तोइवो होडीच्या तळाला खडूने फुली मारतो, उद्या इथेच यायचं म्हणून. एइनो म्हणतो, "मूर्खा, उद्या हीच होडी मिळाली नाही तर?"

मोडक्या_छत्रीचा_मालक

हा आमच्या चौथीतल्या बंड्याचा विनोद आहे. फिनलंडला कसा गेला?

बर्फाळ_मिशिगन

होडीने.

गंभीरपणे सांगायचं तर, मला हे जरा खुपतं. मायदेशी ज्या नावात मान होता, ते इथे खाणकामगाराच्या अडाणीपणाची खूण झालं. पुढच्या पिढीने पोरांची नावं इंग्रजी ठेवली आणि तोइवो विनोदात उरला. गंमत म्हणजे हे विनोद सगळ्यात जास्त सांगतात ते फिनिश वंशाचेच लोक.

रॅलीबाज

आडनावात आलेला तोइवो विसरू नका. तोइवोनेन. पाउली तोइवोनेन, १९६६ ची माँटे कार्लो रॅली. पुढे असलेल्या मिनी गाड्या दिव्यांच्या नियमावरून बाद केल्या आणि हा जिंकला. त्याचा पोरगा हेन्री तर वाऱ्यासारखा चालवायचा. २ मे १९८६ ला कॉर्सिकात गाडी दरीत गेली, वय २९. त्यानंतर 'ग्रुप बी' या त्या वर्गाच्या राक्षसी गाड्याच रॅलीतून बंद केल्या. आडनावात आशा आणि नशीब असं.

कुसुमताई

आशा नावाच्या माणसाला सुखाने जगू देत नाहीत वाटतं.

अनुस्वार

मग संगीतकार तोइवो कूलाबद्दल ऐकाच. फिनलंडचा थोर संगीतकार सिबेलिउस याचा रचनेतला विद्यार्थी, १८८३ चा जन्म. १९१८ मध्ये फिनलंडमध्ये यादवी युद्ध झालं. वीपुरी शहर 'पांढऱ्या' म्हणजे सरकारपक्षाच्या सैन्याने घेतलं, आणि दुसऱ्याच दिवशी, ३० एप्रिलच्या रात्री, विजयाच्या पार्टीत एका हॉटेलात कूलाचा सैनिकांशी वाद झाला. बाचाबाची वाढली आणि त्याला गोळी घातली. तीही त्याच्याच बाजूच्या माणसाने. अठरा दिवसांनी, १८ मेला गेला. वय ३४. त्याचं 'स्ताबात मातेर' हे समूहगायनाचं चर्चगीत अपुरं राहिलं, ते मित्र मादेतोयाने पुरं केलं. समूहगायन आवडत असेल तर कूला जरूर ऐका. संध्याकाळी, दिवे न लावता.

वाळवंटी

आता माझी पाळी. तुम्ही सगळे बर्फात आहात, मी या तोइवोला ऊन दाखवतो.

नामिबियात विंडहूकला मी दोन वर्षं होतो. पहिल्या दिवशी ऑफिसात ओळख करून दिली, "हे तोइवो, ही लेम्पी, ही हेल्वी." तिघंही ओवाम्बो, उत्तरेकडचे. मला वाटलं ही स्थानिक नावं. वर्षभर तसंच समजत होतो. पुढे एक फिनिश पाहुणा आला आणि लेम्पीचं नाव ऐकून अवाक झाला. म्हणाला, "माझ्या आजीचं नाव!"

झालं होतं असं. ९ जुलै १८७० ला फिनिश मिशनरी ओन्दोंगा राज्यात पोचले. त्यांच्यातला मार्त्ती राउतानेन तिथेच पन्नासहून जास्त वर्षं राहिला आणि १९२६ मध्ये तिथेच वारला. त्याच्या गोल टोपीवरून लोकांनी त्याला 'नाकाम्बाले' नाव ठेवलं. (म्हणजे आलेल्याने यांना नावं दिली, तसं यांनीही त्याला दिलंच.) पहिला बाप्तिस्मा व्हायला तेरा वर्षं लागली, १८८३. आणि बाप्तिस्म्याबरोबर नावं आली. आधी बायबलातली, मग फिनिश पंचांगातली.

दफ्तरींनी वर लिहिलंय की फिनिश माणसाने परक्या पाद्र्याच्या वहीतलं नाव झुगारून तोइवो घेतला. आणि त्याच तोइवोला फिनिश पाद्र्याने आफ्रिकेत दुसऱ्याच्या वहीत लिहिला. हा पेच मला सुटलेला नाही.

पण ओवाम्बोंनी त्या नावाचं काय केलं तेही बघा. आन्दिम्बा तोइवो या तोइवो, जन्म १९२४. यातला 'या' म्हणजे आपला 'चा'. केप टाऊनला रेल्वेत काम करताना १९५७ मध्ये त्यांनी साथीदारांबरोबर संघटना उभी केली, तिच्यातूनच पुढे स्वापो हा स्वातंत्र्यलढ्याचा पक्ष झाला. वर्णद्वेषी राजवटीची तक्रार संयुक्त राष्ट्रांकडे पोचवायला त्यांनी टेपवर भाषण भरलं आणि आतून पोखरलेल्या पुस्तकात लपवून पाठवलं. १९६८ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. रॉबेन बेटावर मंडेलांसोबत होते. १९८४ ला सुटले. स्वतंत्र नामिबियात मंत्री झाले, २०१७ मध्ये गेले. आज जगात 'तोइवो' म्हटल्यावर पुष्कळांना आधी हेच आठवतात, कोणी फिन नाही.

दफ्तरी

वाळवंटी, हा पेच सुटणारही नाही बहुतेक. उभं राहून टाळ्या.

एक भारतीय धागा जोडतो. नामिबियाच्या स्वातंत्र्याआधीचं संक्रमण सांभाळायला १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं पथक गेलं. त्याचा प्रमुख होता फिनलंडचा मार्त्ती आहतिसारी, पुढे राष्ट्राध्यक्ष आणि २००८ चा शांततेचा नोबेल विजेता. आणि त्याच पथकातल्या सैन्याचे सेनापती आपले लेफ्टनंट जनरल देवान प्रेमचंद. २१ मार्च १९९० ला देश स्वतंत्र झाला. त्या काळात जन्मलेल्या कितीतरी नामिबियन पोरांची नावं मार्त्ती आहेत. आहतिसारीचा जन्म वीपुरीचा, म्हणजे जिथे कूलाला गोळी लागली तेच शहर.

खवचट_खविस

आणि १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाने आपल्याला आठ चित्ते पाठवले. त्यातल्या एका मादीचं नाव आपण काय ठेवलं?

आशा.

एवढं खवचटपणा न करता लिहिलंय, नोंद घ्यावी.

वाळवंटी

अरे देवा. हे डोक्यातच आलं नव्हतं.

मोडक्या_छत्रीचा_मालक

टोपीचा विषय निघालाच आहे तर, तोइवोला लाडाने काय म्हणतात?

सायली_एस्पो

तोपी! खरंच. संगीतकार तोइवो कॅर्कीलाही तोपी म्हणायचे म्हणे. बेडूकवाल्याची आईही दाराशी "तोपी, तोपी" अशी हाक मारते. आई पहिल्यांदा ऐकून त्याची टोपी शोधायला लागली होती.

सगळ्यांचे आभार. आईला अख्खा धागा मोठ्याने वाचून दाखवला. जंताच्या म्हणीला ती सगळ्यात जास्त हसली, नामिबियाला गप्प झाली, आणि दौलतरावांवर म्हणाली, "हे मला आधी सुचायला हवं होतं, माझ्या आजोबांचं नाव हिंमतराव."

ती परवा परत जातेय. आज शेवटचं पाळणाघरात आली. पिशवीत लेकीची स्केचपेनं आणि चिकटपट्टी होती, मला पत्ता नव्हता. बाईंना खुणेने विचारून तिने दोन चिठ्ठ्या लिहिल्या आणि बेडकाच्या चित्राखाली लावल्या. एकीवर 'तोइवो', तचा कान नीट दाताला लागेल असा ठसठशीत. दुसरीवर 'आशा'. तोपीने दोन्हींवर बोट फिरवलं आणि विचारलं, यातलं माझं कुठलं?

आमची म्हणाली, "मोलेम्मात." दोन्ही.